चकाट्या पिटणाऱ्यांची क्रियापदं

जेवण झाल्यावर वडील म्हणतात, ‘जरा झोप काढतो.’ संध्याकाळी तेच वडील मुलाला विचारतात, ‘दुपारभर काय झोपा काढत होतास?’ नाम तेच, क्रियापदही तेच. फक्त झोपेच्या ‘झोपा’ झाल्या आणि हक्काची विश्रांती गुन्ह्यात जमा झाली. मुलानं कदाचित दुपारभर डोळा मिटलाही नसेल. तो मैदानावर असेल, नाहीतर मित्राच्या घरी. मराठी माणूस ‘झोपा काढणं’ म्हणतो तेव्हा त्याला झोपेविषयी बोलायचंच नसतं. जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, एवढंच त्याला सुनवायचं असतं.

हे अनेकवचन एकदा कानाला लागलं की जिकडेतिकडे ऐकू येतं. उनाडक्या, टवाळक्या, चकाट्या, टिवल्याबावल्या, कुचाळक्या, खोड्या, थापा, बाता, पुड्या, काड्या, गप्पा. वेळ घालवण्याचे आणि मस्तीचे मराठी शब्द घोळक्यानं येतात. ‘त्यानं काल एक उनाडकी केली’ असं सहसा कोणी म्हणत नाही. ‘धंदा’ म्हणजे पोटापाण्याचा व्यवसाय, पण ‘काय धंदे चाललेत तुमचे?’ असं कोणी विचारलं की समजावं, काहीतरी नको ते सापडलंय. ‘चाळा’ म्हणजे हाताला लागलेली सवय, बोटात पदराचं टोक गुंडाळत बसण्यासारखी. ‘चाळे’ म्हटलं की पाठीत धपाटा ठरलेला. मला वाटतं, इथे भाषेनं एक गोष्ट अचूक टिपली आहे. काम एकसलग असतं, त्याला एकवचन पुरतं. वेळ वाया जातो तो मात्र तुकड्यातुकड्यांनी. पाच मिनिटं इथे, दहा मिनिटं तिथे, एक चहा, एक चक्कर, आणि दिवस मावळतो.

पण अनेकवचनाहून मोलाची गोष्ट मला या शब्दांच्या क्रियापदांत दिसते. या प्रकरणात मुख्यतः तीच सांगायची आहे.

चकाट्या पिटतात. पत्ते कुटतात. गप्पा हाणतात, छाटतात, ठोकतात, झोडतात. हवेत इमले बांधतात. खुर्ची उबवतात. दिवस ढकलतात. माशा मारतात. आता ही क्रियापदं त्यांच्या नामांपासून सोडवून एका ओळीत मांडून बघा: पिटणं, कुटणं, हाणणं, छाटणं, ठोकणं, झोडणं, बांधणं, उबवणं, ढकलणं. लोहार तापलेलं लोखंड पिटतो. उखळात मिरच्या कुटतात. फांद्या छाटतात, खिळा ठोकतात, खळ्यावर भात झोडतात. इमला बांधायला गवंडी लागतो, अंडी उबवायला खुडूक कोंबडी आणि गाडा ढकलायला चार माणसं. ही सगळी घाम काढणारी कामं आहेत. मराठीनं काहीही न करणाऱ्या माणसाला रिकामं बसू दिलेलं नाही, त्याच्या हातात काहीतरी अवजार दिलेलं आहेच. नुसती नामं घेतली तरी तेच. ‘काय उद्योग करून ठेवलेस!’, ‘नसते उपद्व्याप’, ‘काय दिवे लावलेस?’, ‘तुझे प्रताप कळले.’ उद्योग, व्याप, दिवे, प्रताप, सगळे शब्द कर्तृत्वाचे. जिथे इंग्रजी शिकलेला आजचा माणूस ‘तो काहीच करत नाही’ असं सपाट वाक्य बोलतो, तिथे त्याची आजी ‘बसलाय माशा मारत’ म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला गिऱ्हाईक नसलेल्या दुकानातला तो माणूस, त्याच्या हातातला पंचा आणि गुळाच्या ढेपेवरच्या माशा, सगळं दिसायचं.

म्हणून या शब्दांना मी नुसती बोलीभाषेची गंमत मानत नाही. आपल्याकडे कोणकोणती कामं होती, ती कोण करत होतं, त्यात कष्ट किती होते, हे या वाक्प्रचारांत जपून ठेवलेलं आहे. एकेक उलगडून बघण्यासारखं आहे.

‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ ही म्हण घ्या. आज ती वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तुंबडी पाहिलेली नसते आणि कूडही पाहिलेला नसतो. न्हाव्याचं काम पूर्वी फक्त केस-दाढीचं नव्हतं. अंगातलं ‘नासकं’ रक्त काढणं हेही त्याच्याकडे असे. त्यासाठी तो तुंबडी वापरायचा. तुंबडी म्हणजे आतून पोकळ असं जनावराचं शिंग. रुंद तोंड रोग्याच्या कातडीवर घट्ट टेकवायचं, निमुळत्या टोकाच्या भोकातून तोंडानं हवा ओढून घ्यायची आणि भोक बंद करायचं. आतली हवा विरळ झाली की कातडी फुगून वर येते आणि रक्त त्या जागी गोळा होतं. आणि कूड म्हणजे कारवीच्या नाहीतर बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या विणून, वर शेणमाती लिंपून केलेली भिंत. म्हणजे या म्हणीतला न्हावी काय करतोय? गिऱ्हाईक नाही. हातात शिंग आहे. ओठ लावून तो भिंतीतून हवा ओढतोय. कुडाला भेगा असतात, तिथे हवा विरळ होणारच नाही. तुंबडी चिकटणार नाही, पडणार, आणि तो ती पुन्हा लावणार. म्हणीत ‘तुंबड्या’ असं अनेकवचन आहे ते त्यासाठीच. मला या न्हाव्याबद्दल नेहमी माया वाटत आली आहे. त्याला त्याची कला येते, ती दाखवायला माणूस मिळत नाही, म्हणून तो भिंतीवर हात चालू ठेवतो. आळशी माणूस आडवा झाला असता.

‘पाट्या टाकणं’ याहून करडं आहे. कचेरीत, शाळेत, कारखान्यात, कुठेही मन न लावता उरकलेल्या कामाला आपण हे म्हणतो. यातली पाटी म्हणजे बांबूची विणलेली टोपली. तलावाचं, बंधाऱ्याचं, रस्त्याचं मातीकाम असंच चाले. एकजण खणणार, एकजण पाटी भरणार, तिसरा ती उचलून डोक्यावर द्यायचा, चौथा ती भरावावर नेऊन उपडी करायचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि दिवसभर तीच वाट. 1972च्या दुष्काळात राज्यभर निघालेल्या कामांवर घरातल्या बायका-पोरांसकट माणसांनी अशा मातीच्या पाट्या वाहिल्या. ज्यांनी ते केलं त्यांना ठाऊक आहे की पाटी टाकणाऱ्याला बंधारा कसा होणार आहे, पाणी कुठे अडणार आहे, हे कोणी सांगत नाही. त्यानं फक्त टाकायची. नुसत्या पाट्या टाकणारा माणूस आळशी नसतो. त्याच्या कामातला अर्थ काढून घेतलेला असतो. हा वाक्प्रचार कोणाला टोचून बोलताना वापरण्याआधी मी आता थांबतो.

‘लष्कराच्या भाकरी भाजणं’ त्याच घरातलं. फौजेचा तळ पडला की शेकडो तोंडं, आणि त्यांच्यासाठी थापलेल्या भाकरीचा आपल्या घराला काडीचा उपयोग नाही. दुसऱ्याच्या कामात फुकट राबणाऱ्याला हे म्हणतात, आणि बहुतेक वेळा म्हणणारी त्याची बायको नाहीतर आई असते. गणपती मंडळाची वर्गणी, वाचनालयाची कपाटं, शेजारच्या लग्नातली वाढप, या सगळ्याला घरच्या दृष्टीनं हेच नाव. गावाचं गावपण ज्या कामांवर उभं असतं ती सगळी या भाकरींमध्ये येतात, हेही लक्षात ठेवावं.

आणि ‘ऐदी’. हा शब्द मला फार दिवस आपला घरगुती मराठी वाटत होता. तो मुघल फौजेतून आलेला आहे. अरबीत ‘अहद’ म्हणजे एक. अकबराच्या काळात जे शिपाई कोणा मनसबदाराच्या हाताखाली नसत, एकेकटे थेट बादशहाच्या चाकरीत असत, त्यांना ‘अहदी’ म्हणत. अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’त त्यांचं वर्णन आहे. त्यांचा मान मोठा, पगार चांगला आणि रोजची दगदग इतर शिपायांपेक्षा कमी. हुकूम येईपर्यंत बसून असायचं. हळूहळू शिपाई विसरला गेला, बसणं तेवढं उरलं. आज आपण बारा वाजेपर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या पोराला ऐदी म्हणतो, तेव्हा त्याला नकळत बादशहाच्या खास तुकडीत भरती करत असतो.

या सगळ्या क्रियापदांत एकाचं राज्य सर्वांत मोठं आहे, ते म्हणजे ‘मारणं’. त्यात बहुतेकदा मार नसतोच. हाक मारतो, मिठी मारतो, उडी मारतो, शिट्टी मारतो, फेरी मारतो, गप्पा मारतो. एका झटक्यात, मनाच्या उसळीनं केलेल्या कृतीला मराठी ‘मारणं’ जोडते. शाळा-कॉलेजातल्या पोरांना हे व्याकरण कोणी शिकवलेलं नसतं, तरी नवा शब्द हाती आला की ती त्याला बिनचूक हेच क्रियापद लावतात. दांडी मारणं जुनं आहे. पुण्या-कोल्हापूरकडे त्यालाच बुट्टी मारणं म्हणत. मग बंक मारणं आलं. मुंबईत निसटायचं असलं की कल्टी मारतात. तासाला न आलेल्या मित्राची हजेरी लावायची तर प्रॉक्सी मारतात, रात्र जागून अभ्यास करायचा तर नाइट मारतात, फुसका विनोद केला तर पीजे मारला, कंटाळा आला तर ‘बोअर मारतंय’, आणि काहीच करायचं नसलं तर चिल मारतात. शेवटच्या दोन उदाहरणांकडे नीट पाहा. कंटाळा येणं किंवा शांत पडून राहणं यात मारण्यासारखं काय आहे? काही नाही. पण पिटणं-कुटणंवाल्यांची ही नातवंडं आहेत. काही न करण्यालाही करण्याचं रूप द्यायचं, ही त्यांच्या भाषेची खोड आहे. शब्द इंग्रजी, हाड मराठी.

याला अपवाद ‘टाइमपास’. तो मारत नाहीत, करतात. लोकल गाडीत शेंगदाणे-चण्याच्या पुड्या विकणारा ‘टाइमपास’ ओरडत येतो तेव्हा ते एक खाण्याच्या वस्तूचंच नाव होतं. सिनेमाबद्दल ‘टाइमपास आहे’ म्हटलं तर ती शिफारस असते. एखाद्या मुलाबद्दल मुलगी ‘तो टाइमपास करत होता’ म्हणाली तर मात्र तिचं मन मोडलेलं असतं. रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ हा 2014चा चित्रपट नेमका या दोन अर्थांच्या मधल्या जागेत उभा होता. दहावी नापास दगडू आणि शिकल्यासवरल्या घरातली प्राजक्ता, यांचं जे चाललंय त्याला बघणारे टाइमपास म्हणतात आणि त्या दोघांना ते आयुष्य वाटतं.

हा शब्द फक्त मराठीचा नाही, भारतभर चालतो. क्रेग जेफ्री या भूगोलाच्या अभ्यासकानं 2010 मध्ये इंग्रजीत एक पुस्तक काढलं, त्याचं नावच ‘टाइमपास’. उत्तर प्रदेशातल्या मेरठ शहरात पदव्यांवर पदव्या घेऊन सरकारी नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणांमध्ये त्यानं दिवस काढले. चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या आवारात, वसतिगृहाच्या खोल्यांत ही मुलं जे करत होती त्याला ती स्वतःच टाइमपास म्हणत. त्यात चैन नव्हती. वाट पाहणं होतं, आणि वाट पाहण्याला दुसरं नाव नव्हतं. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं याच वाटेवर आहेत. अभ्यासिकेतून उठून चहाला येतात, जाहिरात कधी निघणार यावर अर्धा तास बोलतात, पुन्हा खुर्चीवर जाऊन बसतात. गावाकडे कोणी तरी विचारतं, ‘पोरगं काय करतंय?’ आणि दुसरा सांगतो, ‘पुण्यात टाइमपास करतंय.’ त्या एका शब्दात त्या मुलाची चार वर्षं, बापानं पाठवलेले पैसे आणि मेसच्या डब्यांचा हिशोब सगळं पुसलं जातं. या एका जागी मला हा शब्द सहन होत नाही.

आता मस्तीकडे वळू. इथे कारागिरांची अवजारं संपतात आणि गोठा सुरू होतो. उंडारणं, हुंदडणं, बागडणं, उधळणं, मोकाट सुटणं, सोकावणं. दावं तोडून रानात फिरणारी गाय उंडगी. चार खूर उचलून पळतो तो बैल नाहीतर घोडा उधळलेला. ‘मोकाट’ तर आजही नगरपालिकेच्या नोटिशीत गुरांबरोबरच येतो. ज्यांनी गोठा पाहिला त्यांना ‘कानात वारा शिरलेलं वासरू’ समजावून सांगावं लागत नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवसभर दाव्याला असलेलं चार महिन्यांचं वासरू संध्याकाळी धार काढायच्या आधी सोडतात. पहिला क्षण ते तसंच उभं राहतं. मग कान ताठ होतात, शेपटी थेट वर जाते आणि ते सुटतं. सरळ पळत नाही. अंगणभर गोल, मधेच थांबून पुढचे पाय रोवून मागचे हवेत, भिंतीजवळ जाऊन वळून परत, म्हातारीच्या पायाजवळून वाऱ्यासारखं, आणि अचानक पुन्हा स्थिर, जणू काही झालंच नाही. त्याला कुठे जायचं नसतं. ते पाच मिनिटांत दमतं आणि आपलं आपण गाईच्या कासेला लागतं. शाळा सुटल्यावर दप्तर फेकून पळणाऱ्या पोरांना ज्यानं पहिल्यांदा हे नाव दिलं, त्यानं दोन्ही गोष्टी प्रेमानं पाहिल्या होत्या.

या शब्दांत राग नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. ‘हुंदडतोय’ म्हणणारी आई रागावलेली असली तरी तिच्या आवाजाच्या तळाशी कौतुक असतं. ‘खोडी’चंही तसंच. खोड म्हणजे वाईट सवय, जित्याची खोड मेल्याशिवाय न जाणारी. पण तिचीच धाकटी बहीण ‘खोडी’ निघाली ती लाडकी. गवळणींमधून, भारुडांमधून यशोदेकडे तक्रारी येत राहिल्या त्या खोड्यांच्याच. त्याउलट ‘टवाळ’ आणि त्याच्यापासून आलेल्या ‘टवाळक्या’ यांत माया नाही. टवाळ हा शब्द रामदासांच्या दासबोधात आहे, म्हणजे सतराव्या शतकातही तो आजच्यासारखाच झोंबत होता. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात तर ‘करंटलक्षण’ नावाचा अख्खा समास आहे. आळस आणि दैन्य यांचं नातं रामदासांनी तिथे जोडून दिलं, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांच्या मनात ते पक्कं बसलं. खोडकर मूल पुढे मोठं होतं, टवाळ माणूस टवाळच राहतो, असा आपल्या भाषेचा निवाडा आहे.

वेळ घालवायला जागा लागते, आणि जागेचे शब्दही बघण्यासारखे. पार, ओटा, ओसरी, चावडी, नाका, टपरी, विदर्भात पानठेला, आणि सगळीकडे कट्टा. शेजारच्या कन्नडमध्ये झाडाभोवतीच्या चौथऱ्याला ‘कट्टे’ म्हणतात. तिथे ‘हरटे कट्टे’ असतो, म्हणजे गप्पांचा कट्टा, आणि ‘सोमारी कट्टे’ही असतो. सोमारी म्हणजे आळशी. सीमेच्या दोन्ही बाजूंना दगड तोच, त्यावर बसणारे तेच. दादरचं शिवाजी पार्क 1925 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. त्याच्याभोवतीचा बुटका कट्टा म्हणजे लांबच लांब बैठकीचा दगडच म्हणावा लागेल. सकाळी पेन्शनर, दुपारी कॉलेजची मुलं, संध्याकाळी क्रिकेटचं किट घेऊन आलेल्या पोरांच्या आया. रोजचा कट्ट्यावरचा माणूस ‘पडीक’ असतो. हा शब्द आला शेतातून. न कसलेली जमीन पडीक. ‘तो कट्ट्यावर पडीक असतो’ असं पोरं म्हणतात तेव्हा त्यांना शेताची आठवणही नसते, पण उपमा चोख आहे. पडीक रानात गवत वाढतं, गुरं चरतात, पुढच्या पेरणीसाठी माती कस धरते. बंगालीत जो ‘अड्डा’ कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या कॉफी हाऊसचा अभिमान आहे, तोच शब्द मराठीत जास्त करून जुगाराचा, दारूचा झाला. गप्पांसाठी आपण बहुतेकदा कट्ट्यालाच चिकटून राहिलो, हे मला आवडतं. कट्टा चारी बाजूंनी उघडा असतो. तिथे बसलेला माणूस रस्त्याला दिसतो.

‘गप्पा’ या शब्दाविषयी एवढं सांगून पुढे जातो की फारसीतल्या ‘गप’पासून तो आला. ‘गप्प बस’ मधला गप्प वेगळा. एकाच वर्गात मास्तर ‘गप्पा बंद’ आणि ‘गप्प बसा’ दोन्ही ओरडतात, आणि मुलांना कधी घोटाळा होत नाही.

गोव्यात घराच्या पुढच्या बाजूला बसायच्या दगडी बाकांचा बल्काव असतो. तिथल्या संध्याकाळच्या बसण्याला बाहेरच्यांनी ‘सुशेगाद’ शब्द लावून त्याचा अर्थ आळस करून टाकला. मूळ पोर्तुगीज ‘सोसेगादू’ म्हणजे शांत, निवलेला. दिवसाचं काम आटोपलेल्या माणसाचा तो शब्द आहे. पर्यटकांच्या टी-शर्टांवर तो छापलेला पाहिला की गोंयकारांना का राग येतो, ते समजतं.

इथे मुद्दा येतो तो माणसाचा. कृती एकच, पण कोण करतं त्यावर तिचं नाव ठरतं. आपल्या शहरांत महापालिकेच्या बागांमधून ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘विरंगुळा केंद्र’ अशा पाट्या लागलेल्या दिसतात. आत चार खुर्च्या, वर्तमानपत्रं, कॅरम, आणि दोन तासांच्या गप्पा. त्याच बागेच्या कठड्यावर अठरा वर्षांची चार मुलं त्याच विषयांवर तेवढाच वेळ बोलली तर त्या टवाळक्या. जेवणानंतर घरमालक डाव्या कुशीवर लवंडला तर ती वामकुक्षी. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. संस्कृत नाव मिळालं की झोप प्रतिष्ठित होते. त्याच वेळी त्याच्या अंगणात गडी झाडाखाली आडवा झाला तर तो ‘ताणून देतो’, आणि मालकाच्या मनात ‘कामचुकार’ हा शब्द तयार असतो.

पुरुष डोंगरदऱ्यांत फिरला तर भटकंती. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्याच्या नावानं सदरं चालतात. बाई घराबाहेर कारणाविना फिरली तर तिच्यासाठी भाषेत ‘भटकभवानी’ तयार होती. मी या शब्दाचं पुल्लिंगी रूप खूप शोधलं. ते नाही. उंडगा आणि उंडगी हे शब्द दोन्ही आहेत, पण उंडग्याचं पुढे लग्न होतं, उंडगीचं जमत नाही. गेल्या काही वर्षांत मुलींच्या गटांनी गडकिल्ल्यांवर जाताना स्वतःच स्वतःला भटकभवानी म्हणवून घ्यायला सुरुवात केली आहे. एका गडाच्या पायथ्याशी पाठीवरच्या पिशवीवर रंगानं लिहिलेला तो शब्द वाचला, तेव्हा शब्दाला डोळ्यांसमोर नवा जन्म मिळताना पाहिल्याचा आनंद मला झाला.

असे शब्द कोण लिहून ठेवतं? मोल्सवर्थनं मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये छापला आणि 1857 मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्याचे पंडित गावोगावचे तोंडचे शब्द गोळा करत होते, म्हणून त्या कोशात पोथ्यांबरोबर बाजारही आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात भागांत निघाला. पुढे त्याच जोडीनं वाक्प्रचारांचा वेगळा कोशही केला. न्हावी, पाटी, लष्कर यांना त्यामुळे आश्रय मिळाला. ‘कल्टी’, ‘भंकस’, ‘पकवणं’ आणि कट्ट्यावरचा ‘पडीक’ यांना तो मिळायला हवा. कॉलेजातला शब्द पाच-सहा वर्षांत म्हातारा होतो. नव्वदच्या दशकात आमच्या तोंडी असलेले अर्धे शब्द आज माझ्या भाच्याला समजावून सांगावे लागतात. एखाद्या शिक्षकानं दरवर्षी आपल्या वर्गातले असे पन्नास शब्द वहीत तारखेसकट उतरवून ठेवले तरी वीस वर्षांनी ती वही सोन्याच्या मोलाची होईल. मुलांना सांगितलं तर ती हौसेनं गोळा करून देतात, एवढं मी अनुभवानं सांगू शकतो.

या सगळ्या गजबजाटात एक शब्द वेगळा उभा आहे: निवांत. त्याला ना कुटायचं असतं, ना पिटायचं. निवांत असतात, निवांत बसतात. मूळ संस्कृत ‘निवात’, म्हणजे जिथे वारा नाही अशी जागा. अशा जागी ठेवलेल्या दिव्याची ज्योत हलत नाही, हा दाखला गीतेपासून चालत आलेला आहे. वासराच्या कानात वारा शिरतो तेव्हा ते हुंदडतं, आणि वारा पडला की माणूस निवांत होतो. मराठीची ही दोन टोकं एकाच वाऱ्यानं बांधलेली आहेत.

माझी आजी दुपारी दोन ते चार माजघराच्या उंबऱ्याशी बसायची. लाखवातींचा नेम होता. कापसाचा पेळू डाव्या हातात, उजव्या हाताची बोटं दुधाच्या वाटीत किंचित ओलवायची, चिमटीनं तंतू ओढायचा, तळहातावर एक वळ द्यायचा, आणि वात बाजूच्या सुपात. शेजारच्या काकूही आपली वाटी घेऊन यायच्या. दोघींचं बोलणं अखंड चालू. कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाची म्हैस व्याली, कोणाला काय लागलं-सवरलं. शंभर वाती झाल्या की एक जुडी, दोऱ्यानं बांधलेली. चारच्या सुमारास आजोबा पत्त्यांच्या डावावरून उठून चहासाठी आत यायचे आणि विचारायचे, ‘काय चाललंय?’

सुपात सात-आठ जुड्या रचलेल्या असायच्या. आजी पदराला बोटं पुसत उठायची आणि म्हणायची, ‘काही नाही, बसले होते नुसती.’